जुन्या फियाटला थोडी अधिक ताकद

महोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनावर लेख कशाला, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. देणगीदारांची नामावळी, वसतिगृहाचा वृत्तान्त, हिशेबाचा ताळेबंद ही या पानांची नेहमीची सामग्री. परंतु संस्थेच्या शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकणारे दोघे भाऊ गेल्या दिवाळीत आमच्याकडे आले. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, तिची ताकद वाढवायची आहे, सुट्टीत काम करून थोडे पैसे जमवले आहेत, ते कोठे खर्चावे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आम्ही याच छंदात पूर्वी पैसे घालवले आहेत आणि एकदा घरच्या मंडळींना घाटात रात्रही काढायला लावली आहे. तेव्हा उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार आम्हांस आहे असे समजून हे चार शब्द लिहितो. धारवाड-हुबळीच्या पुष्कळ घरांत अशी गाडी अजून ताडपत्रीखाली असेल. त्यांनाही उपयोग व्हावा.

प्रथम या इंजिनाची ओळख. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटची ११०० ही गाडी निघू लागली. तिच्या गोलमटोल पहिल्या अवताराला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि ते नाव एवढे चिकटले की खुद्द मालकही तेच म्हणत. बाह्य रूप बदलत गेले, १९७४ मध्ये नाव पद्मिनी झाले, पण पेट्रोलच्या गाडीत इंजिन तेच राहिले: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घन सेंटिमीटर. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. मुंबईच्या रस्त्यावरून या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली.

आता गंमत अशी की हे इंजिन अधिक ताकदवान करण्याचा प्रयोग खुद्द फियाटनेच करून ठेवला आहे. १९५३ साली इटलीत साध्या ११०० गाडीचे इंजिन मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर ३६ अश्वशक्ती देई. त्याच साली कारखान्याने ‘तुरिस्मो व्हेलोचे’ म्हणून तिची वेगवान बहीण काढली. तीत तेच १०८९ घन सेंटिमीटर, पण ५४०० फेऱ्यांवर ५० अश्वशक्ती. दोन नळ्यांचा वेबर कार्बुरेटर आणि वाढवलेले कॉम्प्रेशन ही त्यातली मुख्य कारणे. आमचे तरुण मित्र हा आकडा पाहूनच हुरळले होते. परंतु तो आकडा जरा उलगडून पाहावा.

इंजिनाची ताकद म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, आस फिरवणारा पीळ, ज्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात तो. दुसरी, मिनिटाला होणारे फेरे. ४४०० चे ५४०० फेरे झाले म्हणजे फेऱ्यांत सुमारे २३ टक्के वाढ झाली. पीळ तेवढाच राहिला असता तरी ३६ ची ४४ अश्वशक्ती नुसत्या फेऱ्यांनी झाली असती. उरलेल्या वाढीचे, म्हणजे १३ टक्क्यांचे, श्रेय मोकळ्या श्वासाला आणि कॉम्प्रेशनला. थोडक्यात, वाढलेल्या चौदा अश्वांपैकी आठ अश्व फक्त भरधाव पळतानाच भेटतात. धारवाडहून अळणावर, लोंढ्यावरून गोव्यास जाताना अनमोडचा घाट लागतो. कारवारकडून परत येताना अरबैलचा घाट चढावा लागतो. पाच माणसे आणि मागे सामान घेऊन दुसऱ्या गिअरात चढणारी गाडी अडीच-तीन हजार फेऱ्यांत असते. तेथे ५४०० फेऱ्यांवरची ताकद म्हणजे कुलूपबंद पेटीतले दागिने. वेगळी कॅमशाफ्ट बसवून वरचे फेरे मिळवणारे बहुधा खालचा पीळ गमावतात, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका खालचाच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत फियाटी धावत, त्यांची गोष्ट निराळी. शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडले जाते. आपले एकदा बांधले की दहा वर्षे उघडू नये अशी आपली इच्छा.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासातशे मीटर उंच, हुबळी त्याहून थोडी खाली. या उंचीवर हवा किनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ असते. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरे तर ते हवा खाते. हवा जेवढी आत गेली तेवढेच पेट्रोल उपयोगी. म्हणजे कुर्ल्यास ४० अश्वशक्ती देणारे इंजिन आमच्या माळमड्डीत ३७ च देते. यात कोणाचा दोष नाही. मात्र हा हिशेब न कळल्यामुळे मुंबईहून गाडी आणलेला माणूस मेकॅनिकाशी भांडतो.

मग उपाय काय? आमच्या मते पहिला पैसा नव्या भागावर खर्चू नये. आहे ती ताकद कोठे सांडते ते पाहावे. त्या दोघा भावांची गाडी आम्ही पाहिली तेव्हा पहिला शोध हसण्यासारखा लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी कार्बुरेटरची झडप पाऊणच उघडत होती, कारण पायाखाली दोन गालिचे एकावर एक अंथरले होते आणि दांड्याचे सांधे झिजून सैल झाले होते. एकाने आत बसून पाय दाबावा आणि दुसऱ्याने इंजिन बंद ठेवून वरून डोकावावे. पाच मिनिटांचे काम. मग चारही चाके उचलून हाताने फिरवावीत. ब्रेकचा ड्रम घासत असेल तर इंजिनाने कितीही जोर केला तरी तो तेथे उष्णता होऊन जातो. सायलेन्सर आतून गंजून तुंबला आहे का, डिस्ट्रिब्युटरमधील लहान वजने व त्यांच्या स्प्रिंगा मोकळ्या हलतात का, हे त्यानंतर. ही वजने अडकली की वाढत्या फेऱ्यांबरोबर ठिणगी पुढे सरकत नाही आणि गाडी ‘दम खात नाही’ अशी तक्रार सुरू होते.

नंतर कॉम्प्रेशन गेज लावावा. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा कमी भरला तर त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्या आहेत. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा गॅस्केट गळते. एवढ्या साध्या परीक्षेने बोअर करायचे की नुसते वॉल्व्ह घासायचे याचा निकाल लागतो, आणि या दोन कामांच्या खर्चांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

बोअरिंगविषयी एक गैरसमज येथेच दूर करू. ‘बोअर केले, पॉवर वाढली’ असे जो तो सांगतो. ०.६ मिलिमीटर मोठे पिस्टन घातले तर १०८९ चे ११०९ घन सेंटिमीटर होतात, म्हणजे दोन टक्केही वाढ नाही. गाडी उडू लागते ती गळणारी हवा अडल्यामुळे. ती नवी ताकद नव्हे, हरवलेली परत मिळाली.

हे सारे झाल्यावर, आणि झाल्यावरच, थोड्या वाढीचा विचार करावा. सर्वांत सोपी वाढ म्हणजे हेड लेव्हल मारून कॉम्प्रेशन चढवणे. एका सिलिंडरात पिस्टन २७२ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. कॉम्प्रेशन ७ असेल तर वर सुमारे ४५ घन सेंटिमीटर पोकळी उरते, ते ७.६ करायचे तर ४१ हवी. चार घन सेंटिमीटर कमी करायला, पोकळीचे तोंड सिलिंडराएवढे धरले तर, एक मिलिमीटरहून किंचित जास्त धातू काढावा लागतो. तोंड लहान असेल तर त्याहून अधिक. म्हणून आधी हेड उलटे ठेवून, वर काच झाकून, पिचकारीने तेल भरून प्रत्येक पोकळी मोजावी. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या एका टर्नरांनी आम्हांस हे शिकवले; चार पोकळ्या चार मापांच्या निघाल्या तेव्हा ते म्हणाले, “आधी यांना एका पंगतीला बसवा.” या वाढीने मिळते किती? शास्त्राच्या हिशेबाने ७ वरून ७.६ ला तीन टक्क्यांहून कमी, ८ ला चार टक्के. फार नाही, पण ती सर्व फेऱ्यांवर मिळते, घाटातही. त्याच वेळी हेडमधील हवेच्या वाटांतील खडबडीत कडा आणि गॅस्केटचे आत आलेले ओठ घासून टाकावेत. वाटा रुंद करण्याच्या मोहात पडू नये. पुशरॉड त्याच लांबीचे राहिल्याने टॅपेट पुन्हा जुळवावे लागतात, हेही विसरू नये.

आमची फजिती या कामात झाली. मापाला कंटाळून आम्ही अंदाजाने जरा जास्तच हेड कापून घेतले. करणाऱ्याने ‘एवढे चालते’ म्हटले आणि आम्हांस तेच ऐकायचे होते. धारवाडात इंजिन सुरेख चालले. टायमिंगही थोडे पुढे घेतले. कलघटगीच्या रस्त्यावर गाडी पाखरासारखी गेली. मग घरची मंडळी घेऊन कारवारास गेलो. परतताना अरबैलच्या पायथ्याशी, उन्हात, पूर्ण भाराने, इंजिनातून डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येऊ लागला. चूक उघड होती. विरळ हवेत जे कॉम्प्रेशन सोसले, ते किनाऱ्याच्या दाट आणि तापलेल्या हवेत सोसले नाही. मिश्रण ठिणगीनंतर आपोआप भडकू लागले. आम्ही थांबायला हवे होते. थांबलो नाही, कारण मागे बसलेल्या वडिलांनी नुकतेच गाडीचे कौतुक केले होते. अर्ध्या घाटात हेड गॅस्केट फुटले, पाणी तेलात गेले, आणि ती रात्र आई-वडिलांनी एका ट्रकवाल्याच्या उसन्या चादरीवर काढली. वडील एक शब्द बोलले नाहीत. त्याचेच अधिक वाईट वाटले.

आजच्या पेट्रोलचाही विचार हवा. शिसे देशभर २००० साली बंद झाले. जुन्या वॉल्व्हच्या बैठकींना शिशाचा आधार असे, तेव्हा हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या बैठकी घालून घ्याव्यात. २०२५ पर्यंत इथेनॉलचे मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलने पेट्रोलची खडखड सोसण्याची शक्ती वाढते, ही जमेची बाजू. पण तेवढ्याच हवेला हे पेट्रोल सुमारे आठ टक्के अधिक लागते. आपल्या उंचीमुळे मिश्रण साडेतीन-चार टक्के घट्ट होतेच. वजाबाकी केली तर जुन्या जेटवर ते तरीही चार टक्क्यांनी पातळ राहते, इंजिन तापते आणि दाब दिल्यावर अडखळते. जेटमधून जाणारे पेट्रोल छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणून व्यास दोन टक्के वाढवला की पुरे: १.२० मिलिमीटरचा असेल तर १.२२ किंवा १.२३. सुईने छिद्र कोरणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. कृपा करून त्यांच्या हाती जेट देऊ नये. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावेत, नाही तर ताकदीऐवजी आग पदरी पडेल.

हे सर्व करून दहा टक्क्यांपर्यंत लाभ झाला तर उत्तम समजावे. म्हणजे विरळ हवेने नेले ते परत आले आणि वर थोडी बक्षिशी. याहून मोठी उडी हवी असेल तर लोक दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवतात. ॲम्बॅसडरच्या कारखान्याने १९९२ मध्ये इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन घातले, पण ते कारखान्याने, सरकारी मंजुरीने. घरी तसे करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडते. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीसाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक. साठऐवजी पंचाहत्तरच्या वेगाने येणारी गाडी थांबवताना दीडपटीहून जास्त उष्णता त्या ड्रमांत उतरते. म्हणून आम्ही त्या भावांना सांगितले की जमलेल्या पैशातला पहिला वाटा ब्रेकच्या लायनिंगचा आणि नळ्यांचा.

त्यांनी ऐकले. हेड बेळगावच्या उद्यमबागेत नेऊन, पोकळ्या मोजून, ७.६ च्या हिशेबाने कापून आणले. डिस्ट्रिब्युटरच्या मानेवर आम्ही कानशीने दोन बारीक खुणा करून दिल्या आहेत, एक घरची आणि दोन अंश मागे कारवारची. अंकोल्यास पोहोचले की बोल्ट सैल करून दुसऱ्या खुणेवर आणायचे, आणि घाट चढून यल्लापुरात चहाला थांबले की पुन्हा पहिलीवर.