होई आनचे शिंपी, परदेशातली खरेदी आणि आपले गैरसमज

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाल्यापासून मराठी पर्यटकांच्या बोलण्यात होई आन हे नाव वरचेवर येऊ लागलं आहे. थू बोन नदीकाठचं हे जुनं बंदर. काही शतकं इथे चिनी, जपानी आणि युरोपीय व्यापारी रेशीम, मसाले, चिनी मातीची भांडी घ्यायला येत. पुढे नदीत गाळ साचला, जहाजं शेजारच्या दा नांगकडे वळली आणि गाव जवळजवळ होतं तसंच राहिलं. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. आज त्या जुन्या पिवळ्या घरांमधून शिंप्यांची शेकडो दुकानं आहेत. आज माप द्या, उद्या कपडे घ्या, असं तिथली पाटी न् पाटी सांगते.

तिकडून कपडे शिवून आणलेल्यांकडून आपण दोनच गोष्टी ऐकतो. एक, कवडीमोलाने काय सुंदर काम मिळालं. दुसरी, साफ फसवलं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. तिथे कपडा बिघडतो तो बहुतेक वेळा लबाडीमुळे नव्हे, घाईमुळे, आणि ही घाई सहसा गिऱ्हाइकाची असते. एवढं लक्षात घेतलं तर बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात.

‘चोवीस तासांत उत्तम सूट शिवून मिळतो’

सूट मिळतो, यात खोटं काही नाही. तो एवढ्या वेळात कसा होतो, ते मात्र समजून घ्यायला हवं. कोटाचं बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये एक तिसरा थर असतो. कोटाची छाती उभी राहते ती या थरामुळे. चांगल्या कोटात हा थर म्हणजे लोकर, सूत आणि घोड्याचे केस वापरून विणलेला कॅनव्हास असतो. तो हाताने टाके घालून सैलसर बसवतात, म्हणून वापरता वापरता कोट अंगाचा आकार घेतो. घाईच्या कोटात त्या जागी गोंद लावलेलं फ्यूजिंग असतं. उष्णता आणि दाब दिला की ते कापडाला चिकटतं आणि काम काही मिनिटांत उरकतं. पहिल्या दिवशी दोन्ही कोट सारखेच दिसतात. पण फ्यूजिंग हलक्या प्रतीचं असेल तर काही ड्रायक्लीनिंगनंतर गोंद सुटू लागतो आणि छातीवर बारीक फुगे येतात. तसा कोट पुन्हा नीट करणं जवळपास अशक्य असतं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कोटाच्या सगळ्यात खालच्या काजाजवळ बाहेरचं कापड एका चिमटीत आणि आतली बाजू दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच विलग करा. मध्ये एक सुटा थर सरकताना जाणवला तर कॅनव्हास आहे. तसं काहीच जाणवलं नाही आणि बाहेरचं कापड जाडसर, ताठ लागलं, तर ते फ्यूजिंग आहे. फ्यूजिंग वाईटच असतं असं नाही. वर्षातून दोनदा लग्नाला घालायच्या जॅकेटला किंवा लिननच्या कोटाला चांगल्या प्रतीचं फ्यूजिंग पुरेसं आहे. फक्त कॅनव्हासचे पैसे मोजून फ्यूजिंग आणू नये.

लंडनच्या सॅव्हिल रोवर हाताने शिवायच्या सुटाला किमान पन्नास तासांचं काम लागतं, असं तिथले कारागीर सांगतात. ते काम काही आठवड्यांवर पसरलेलं असतं, कारण आधी कच्च्या टाक्यांवर कोट उभा करतात, अंगावर घालून बघतात, उसवतात आणि पुन्हा बेततात. चोवीस तासांच्या हिशोबात ही कच्ची ट्रायल बसतच नाही. तुमच्यासमोर पहिल्यांदा येतो तो जवळजवळ पूर्ण झालेला कपडा. त्यात बदल होतात ते शिवणीत जेवढी माया सोडली असेल तेवढेच.

म्हणून ट्रायलला आरशात रंग आणि कापड बघण्यात वेळ घालवू नका. कंबर, बाहीची लांबी, पँटची उंची हे नंतर आपल्या गावातला शिंपीही नीट करून देतो. खांदा आणि मुंढा मात्र एकदा चुकला की चुकलाच. तेव्हा आधी खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपते का ते पाहा. दोन्ही हात पुढे घ्या, खाली बसा. मागे कॉलरखाली आडवी चुणी पडते का, कॉलर मानेपासून सुटते का, हे सोबतच्या माणसाला बघायला सांगा. मग कोट उलटा करून शिवणी तपासा. पुढे वजन वाढेल-घटेल, तेव्हा बाजूंना आणि पँटच्या पाठीमागच्या शिवणीला माया हवीच.

हे सगळं व्हायचं तर होई आनमध्ये किमान तीन रात्रींचा मुक्काम हवा. माप पोहोचल्याच दिवशी द्या, दोन ट्रायल ठरवून घ्या आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवा. टूरबरोबर एकच रात्र असेल तर शर्ट, कुर्ता, सैलसर ड्रेस शिवा. सुटाच्या भानगडीत पडू नका.

‘माप घेणाराच कपडा शिवतो’

बहुतेक दुकानांत तसं नसतं. दुकानात कापड, चित्रांची पुस्तकं आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुली असतात. शिवणकाम गावात दुसरीकडे किंवा गावाबाहेरच्या कार्यशाळांमध्ये चालतं. एकच कार्यशाळा अनेक दुकानांची कामं घेते. तुम्ही तोंडी सांगितलेलं शिवणाऱ्यापर्यंत पोहोचतं ते कागदावरच्या चार ओळींतून, आणि रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसलेल्या त्या कारागिराने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. म्हणून गळ्याची खोली, खिशांची संख्या, अस्तर कुठपर्यंत हे सगळं पावतीवर लिहून घ्या आणि पावतीचा फोटो काढून ठेवा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे आपल्याला नीट बसणारा एखादा कपडा नमुना म्हणून सोबत नेणं. त्यातही एक खुबी आहे. नमुन्याचं कापड ताणलं जाणारं, म्हणजे लायक्रा असलेलं असेल आणि नवं कापड साधं सुती, तर त्याच मापाचा कपडा घट्ट होतो. नमुना आणि नवं कापड एकाच स्वभावाचं हवं.

‘हाताला मऊ लागलं म्हणजे रेशीम’

पॉलिस्टरचं सॅटिनही हाताला मऊ आणि थंड लागतं. खात्री करायची तर कापडाच्या कडेचा एक धागा काढून तो दुकानदारालाच जाळून दाखवायला सांगा. रेशमाला जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. उभे धागे एका जातीचे आणि आडवे दुसऱ्या जातीचे असू शकतात, म्हणून दोन्हीकडचा एकेक धागा जाळून पाहावा.

हे रेशीम ‘इथलंच’ आहे, या दाव्याबाबतही सावध राहावं. व्हिएतनाम कपड्यांचा मोठा निर्यातदार असला तरी त्याला लागणाऱ्या कापडाचा मोठा भाग चीनमधून येतो. २०१७ मध्ये ‘खाईसिल्क’ या तिथल्या नामांकित ब्रँडच्या रुमालावर व्हिएतनामी आणि चिनी अशी दोन्ही लेबलं एकत्र सापडली आणि चिनी रेशीम विकल्याचं मालकाला कबूल करावं लागलं. चिनी रेशीम उत्तम असू शकतं. प्रश्न आहे तो कशासाठी किती पैसे मोजले याचा.

लोकरीच्या कापडाच्या काठावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे छापलेले असतात. ते लोकरीच्या तंतूची जाडी सांगतात: सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५. आकडा वाढतो तसा तंतू बारीक होतो आणि कापड नाजूक होतं, चटकन चुरगळतं. म्हणजे मोठा आकडा टिकाऊपणाची खूण नव्हे. शिवाय काठावर छापायला पैसे लागत नाहीत; पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावरही असे आकडे दिसतात. मुंबई-पुण्याच्या हवेसाठी मी तर आकडा न बघता हलकं, सुट्या विणीचं कापड निवडा असंच सांगेन.

‘आपलाच माणूस आहे, जास्त लावणार नाही’

हाँगकाँगचं त्सिम शा त्सुई आणि बँकॉकचा सुखुमवित रस्ता इथे सिंधी आणि पंजाबी कुटुंबांची शिंपीकामाची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथे हिंदीत स्वागत झालं की आपण सैलावतो. त्यांच्यातली काही नावं जगभर ओळखली जातात, तर काही दुकानं केवळ रस्त्यावरच्या दलालांवर चालतात. भाषेवरून यातलं काहीच कळत नाही.

हॉटेलच्या स्वागतकक्षात, टॅक्सीत किंवा गाइडकडून सुचवलं जाणारं दुकान हे बहुधा कमिशनचं असतं आणि ते कमिशन तुमच्या बिलातूनच जातं. बँकॉकमध्ये तर ‘आज राजवाडा बंद आहे’ असं सांगून रिक्षावाला पर्यटकांना रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेतो, हा प्रकार इतका जुना आहे की प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं त्याबद्दल आवर्जून सावध करतात. दुकान स्वतः निवडा. ट्रायलसाठी टांगलेले दुसऱ्यांचे कपडे उलटून बघायची परवानगी मागा. काम चांगलं असेल तर दुकानदार आनंदाने दाखवतो. आणि आधी एकच शर्ट शिवायला टाका. तो पसंत पडला तरच पुढची ऑर्डर द्या, पाच कपड्यांवरच्या सवलतीला भुलू नका.

‘आठवण म्हणून घेतलेली वस्तू तिथेच बनलेली असते’

दा नांगजवळच्या मार्बल माउंटन्सच्या पायथ्याशी संगमरवरी मूर्तींची रांगच आहे. या डोंगरांमधून दगड काढायला आता बंदी आहे. कोरीव काम तिथल्याच नॉन नुओक गावच्या कारागिरांचं असू शकतं, पण दगड बाहेरून आलेला असतो. मला त्यात गैर काही वाटत नाही; पैसे कारागिरीचे द्यावेत, डोंगराच्या नावाचे नव्हेत.

होई आनचा आकाशकंदील मात्र मनापासून घ्यावा असा आहे. बांबूच्या कामट्या वाकवून सांगाडा करतात, त्यावर रेशीम किंवा सुती कापड ताणून चिकटवतात, आणि तो छत्रीसारखा मिटून बॅगेच्या तळाशी जातो. कामट्या एकसारख्या तासल्या आहेत का आणि कापड कडांना उचकटत नाही ना, एवढं पाहून घ्या. गावात काही ठिकाणी आपल्या हाताने कंदील करायलाही शिकवतात. दिवाळीला दारात लावण्यासारखी याहून चांगली आठवण मला तरी सुचत नाही.

पैसे देताना नोटा मात्र नीट बघा. २०,००० आणि ५,००,००० डाँग या दोन्ही नोटा निळसर आहेत आणि मंद उजेडात घोटाळा होतो. २०,००० च्या नोटेवर होई आनचाच जपानी पूल आहे, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

‘दुकानात उघडपणे विकतात म्हणजे आणायला हरकत नाही’

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज आहे. हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू, काही जातींची प्रवाळं आणि मगरीचं कातडं यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत. हा करार १९७५ मध्ये लागू झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही त्याच्या तरतुदी आल्या. दुकानदाराने दिलेली पावती म्हणजे परवाना नव्हे. हस्तिदंताची बांगडी कितीही छोटी असली तरी तिच्यामागे मारलेला हत्ती असतो, त्यामुळे ती घेऊच नये. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यात घालायचे छोटे ताईत त्यातून वगळले आहेत.

कपड्यांच्या बाबतीत लोक म्हणतात, स्वतःच्या मापाचे आहेत, त्यावर कसली ड्युटी? वापरातले कपडे वेगळे आणि नवे शिवून आणलेले वेगळे. नवे कपडे तुमच्या करमुक्त मर्यादेत मोजले जातात. २०१६ च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांहून परतणाऱ्या प्रौढ भारतीय प्रवाशासाठी ही मर्यादा ५०,००० रुपये होती. तिच्यात बदल होत असतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्या. नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करून एकच महागडी वस्तू करमुक्त आणता येत नाही. शिंप्याकडे माप ठेवून नंतर कुरिअरने कपडे मागवले, तर त्यांना बॅगेजची सवलत मुळीच मिळत नाही. पार्सलवर रीतसर आयात शुल्क लागतं. घरी बसून मागवलेला स्वस्त कोट त्यामुळे बरेचदा स्वस्त राहत नाही.

तेव्हा शिंप्याची आणि दुकानांची मूळ बिलं हातातल्या बॅगेत ठेवा. हिशोब मर्यादेच्या वर जातोय असं वाटलं, तर मुंबईला उतरल्यावर सरळ रेड चॅनलला जा आणि सामान जाहीर करा. तिथे फक्त ड्युटी भरावी लागते. ग्रीन चॅनलमध्ये पकडलं गेलं तर माल जप्त होऊन वर दंडही बसू शकतो.