किलोवर की नगावर?

मार्केट यार्डात भाव विचारायचा तर आधी माप माहीत असावं लागतं. बटाटा, टोमॅटो, वांगी यांचे भाव दहा किलोला निघतात. कोथिंबीर-मेथीचे शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना. फूल बाजारात झेंडू किलोवर जातो, साधा गुलाब गड्डीवर आणि डच गुलाब वीस नगांवर. त्यामुळे ‘झेंडू महाग की डच गुलाब?’ असा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. विचारलाच तर गिऱ्हाईक नवखं आहे हे ओळखून गालात हसतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे झेंडू घ्यायला गेलो होतो. चहाच्या टपरीवर एका टेम्पोवाल्याच्या मोबाइलवर रफींचं गाणं चाललं होतं. शेजारी बसलेला हमाल म्हणाला, “किशोरकुमार लाव ना राव. सकाळी सकाळी काय रडगाणं?” झालं. पुढची वीस मिनिटं टेम्पोतली फुलं तशीच राहिली. “रफीसाहेबांचा आवाज वर कुठवर जातो बघितलंय का?” “वर जाऊन काय करायचंय? किशोरदा काळजात जातो.” शेवटी तिथेच बशीतून चहा पिणारे एक वयस्कर तोलणार म्हणाले, “दोघांना एका रात्री, एका स्टेजवर, लोकांपुढं उभं करायला पायजे होतं. काटा लावला असता म्हंजे कळलं असतं.”

मी झेंडू विसरलो. कारण असा काटा आपल्याकडे एकदा लावून झालेला आहे. ८ जुलै १९२१ ची रात्र, मुंबईचं बालीवाला थिएटर, नाटक ‘संगीत मानापमान’.

तेव्हा रफी-किशोर नव्हते, पण चाहत्यांच्या दोन फळ्या होत्या आणि त्या आजच्यापेक्षा कडव्या होत्या. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळी. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली काढलेली. दुसऱ्या बाजूला ललितकलादर्श. केशवराव भोसल्यांनी १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत सुरू केलेली. केशवराव जन्मले ९ ऑगस्ट १८९० रोजी. म्हणजे कंपनीचे मालक झाले तेव्हा वय सतरा! आज त्या वयाच्या मुलाला आपण एकट्याने कोल्हापूरच्या एसटीत बसवताना दहा सूचना करतो. त्यांनी माणसं, पडदे, पेट्या, स्वयंपाकी असं सगळं बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली होती.

दोघं वाढले कसे हे पाहिलं की वाद आणखी मजेदार होतो. नारायण श्रीपाद राजहंस या पोराला ‘बालगंधर्व’ म्हणाले ते लोकमान्य टिळक. त्याच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार करवले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी, आणि १९०५ साली त्याच मिरजेत हा मुलगा शकुंतला म्हणून रंगभूमीवर आला. केशवराव तर कोल्हापूरचेच, महाराजांच्या खास लोभातले. चाहते एकमेकांची डोकी फोडायच्या बेतात असताना दोन्ही रोपांना पाणी घालणारा माणूस एकच होता.

हा प्रकार जगभर दिसतो. इंग्लंडमध्ये बीटल्स थोर की रोलिंग स्टोन्स यावर साठ वर्षं भांडणं चालू आहेत. पण स्टोन्सची १९६३ साली निघालेली दुसरीच तबकडी लेनन आणि मॅकार्टनी यांनी रचून दिलेल्या गाण्याची होती. गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर येतात, दुकानदार एकमेकांकडून सुटे पैसे मागून नेतात.

तर गंधर्व आणि ललितकला यांच्यात भांडण नेमकं कशाचं होतं? गळ्यांचं होतंच. बालगंधर्व भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, केशवराव रामकृष्णबुवा वझ्यांचे. जुने लोक केशवरावांच्या गाण्याबद्दल बोलताना धारदार, पल्लेदार, तानेला वीज अशा शब्दांत बोलत. बालगंधर्वांबद्दल बोलताना शब्द मऊ होत: गोडवा, लडिवाळपणा, लयीशी खेळणं. नाटकंही निराळी. गंधर्वांकडे पौराणिक वैभव, खरे शालू, अत्तराचा घमघमाट. १९२० सालच्या ‘द्रौपदी’त मयसभा उभी करायला त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. ललितकलेकडे मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’, म्हणजे हुंड्यावरचं नाटक, आणि पु. श्री. काळ्यांनी रंगवलेले पडदे. बालगंधर्वांच्या नेसणीची, अंबाड्याची, त्यावरच्या गजऱ्याची नक्कल घराघरातल्या बायका करत. पुरुषाकडे बघून बायकांनी पदर कसा घ्यायचा ते ठरवावं, हे आज कुणाला सांगितलं तर आधी विश्वास बसत नाही.

आणि हे सगळं मायक्रोफोनशिवाय. इथे मला खरोखर थक्क व्हायला होतं. आवाज शेवटपर्यंत पोचायचा कसा? यार्डात लिलाव पुकारणारा माणूस पाहिला की हे कोडं रोज सुटताना दिसतं. ट्रकांची घरघर, हातगाड्यांचा खडखडाट, शंभर माणसांचा कल्ला. तरी त्याचा पुकारा थेट तुमच्या कानात. तो इतरांपेक्षा फार मोठ्याने ओरडतो म्हणावं तर तसंही नाही. मग?

उत्तर निम्मं त्याच्या गळ्यात आहे आणि निम्मं आपल्या कानात. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. एका टोकाला बंद असलेल्या एवढ्या नळीत सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपासचा आवाज आपोआप घुमतो, जसा रिकाम्या बाटलीत फुंकर घातल्यावर तिचा स्वतःचा एक सूर घुमतो. म्हणून त्या पट्ट्यातला बारीकसा आवाजही आपल्याला टोचतो. ट्रकच्या इंजिनाचा जोर मात्र खालच्या कंपनांत असतो. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७०च्या दशकात मोजून दाखवलं की ऑपेरातले कसलेले पुरुष गायक गळ्याची ठेवण अशी करतात की आवाजाची ताकद नेमकी तीन हजारांच्या आसपास गोळा होते. वाद्यवृंदाचा जोर तिथे ओसरलेला असतो. म्हणून एकटा माणूस साठ वाद्यांवरून ऐकू येतो. त्याला अंगात राक्षसी बळ लागत नाही, कुठे मोकळी वाट आहे ते माहीत असावं लागतं.

बालीवाला थिएटरात ते मोजायचं यंत्र कुणी नेलं नव्हतं. पण ‘धारदार’ हे विशेषण लोक ज्या आवाजाला लावतात, तो बहुधा याच वाटेने पिटातल्या शेवटच्या बाकड्यापर्यंत पोचलेला असतो, असा माझा अंदाज. लडिवाळ आवाजाला मात्र श्रोत्याकडून काहीतरी घ्यावं लागतं: शांतता. लोकांनी श्वास धरला तर तो पोचतो. एक आवाज गर्दी कापत जातो, दुसरा गर्दीला गप्प करतो. यातला मोठा कोणता?

टेम्पोवाल्याच्या ‘वर कुठवर जातो’ या मुद्द्याचंही असंच आहे. पेटीवर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा सेकंदाला साधारण १३९ कंपनांचा असतो, पांढरी चारमध्ये गाणाऱ्याचा १७५ कंपनांचा. दोघांनी तार षड्ज लावला तर दुसऱ्याचा सूर चांगलाच वर असणार. पण ऐकणाऱ्याला तसं वाटेलच असं नाही. आपला कान सूर मोजतो तो तानपुऱ्यातल्या ‘सा’पासून, म्हणजे गाणाऱ्याच्या स्वतःच्या जमिनीपासून. पायथा बदलला की उंचीही बदलली. प्रत्येक गवई आपलं माप आपल्याबरोबर घेऊन बसतो आणि आपण ते बिनतक्रार मान्य करतो. भुसार बाजारात कुणी स्वतःची वजनं घेऊन आला तर त्याला गाळ्यावर उभंसुद्धा करणार नाहीत.

आता ती रात्र. टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले आणि गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी देशाकडे एक कोटी रुपये मागितले. त्या फंडाला मदत म्हणून दोन्ही कंपन्यांनी मिळून एक प्रयोग करायचं ठरलं. नाटक निवडलं ते टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं. निवडीतला खोडकरपणा बघा. ‘मानापमान’ हे श्रीमंतीचा ताठा असलेल्या भामिनीचं आणि गरीब पण शूर धैर्यधराचं नाटक. दोन मानी माणसं एकमेकांपुढे कशी वाकतात याची गोष्ट. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. प्रेक्षकांना कथानक समजावून सांगायची गरजच उरली नाही. अर्धं थिएटर भामिनीच्या बाजूचं, अर्धं धैर्यधराच्या.

बालगंधर्वांच्या दृष्टीने हे नाटक साधं नव्हतं. त्याचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा, किर्लोस्कर मंडळीचा. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरी ते संध्याकाळी भामिनी म्हणून उभे राहिले होते. दहा वर्षांनी तीच भूमिका, समोर जन्माचा स्पर्धक.

पुढच्या जागांचं तिकीट शंभर रुपये होतं. १९२१ चे शंभर रुपये. तरी तिकिटं पुरली नाहीत. लोकांनी एवढे पैसे नाटक बघायला मोजले असतील यावर माझा विश्वास नाही. ते निकाल ऐकायला आले होते. आणि निकाल लागलाच नाही. पदामागून पदं झाली, वन्स मोअर झाले, टाळ्या दोघांनाही पडल्या आणि गंधर्ववाले बालगंधर्वांना, ललितकलावाले केशवरावांना विजयी करून घरी गेले. संयुक्त मानापमानाच्या आठवणी पुढे कितीतरी लिहिल्या-सांगितल्या गेल्या. त्या वाचल्या की सांगणारा कोणत्या फळीतला हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात समजतं. काटा होता, माल होता, पुकारा झाला, पण एक माल किलोवर आणि दुसरा नगावर.

टपरीवर ही सगळी हकीकत मी त्या तोलणारांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “मग तिकिटाचे पैशे कुणाला मिळाले?” म्हटलं, फंडाला. “म्हंजे आडत तिसऱ्यानंच खाल्ली,” म्हणून ते काट्याकडे गेले. टेम्पोवाला आणि हमाल तोवर लता की आशा यावर आले होते. या बहिणींचे वडील मास्टर दीनानाथ हे त्याच काळातल्या तिसऱ्या फळीचे, १९१८ साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीचे. म्हणजे वाद घराण्यातच चालत आलेला.

तबकड्या ऐकून तरी काही ठरेल का? बालगंधर्वांच्या पुष्कळ तबकड्या आहेत, आज मोबाइलवर सहज सापडतात. पण ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रात्री नऊला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकात वन्स मोअर घेत घेत फुलणारं पद त्यात कोंबलेलं आहे. टोपलीभर मोगऱ्याचा अंदाज एका गजऱ्यावरून करावा तसं ते ऐकायचं. तरी ऐकाच.

संयुक्त मानापमान झाल्यानंतर बरोबर अठ्ठ्याऐंशी दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय ३१. ललितकलादर्श पुढे बापूराव पेंढारकरांनी आणि मग भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. बालगंधर्व १९६७ पर्यंत होते. पुण्यातल्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, त्याचं भूमिपूजन १९६२ साली त्यांच्याच हातून झालं. उद्घाटन २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, पण ते पाहायला ते नव्हते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. नाटकाला लवकर जा आणि दोन्हींपुढे थोडं थांबा.

केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मूळचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.