विसरलेली कमांड सापडते कशी?

चंदीगडच्या आयटी पार्कात एखाद्या रात्री सर्व्हर अडतो आणि सहा महिन्यांपूर्वी दिलेली एक लांबलचक कमांड हवी असते. तिचे दोन-तीन तुकडेच आठवतात. कमांडी चालवणारा शेल तेवढ्यावरून ती शोधून देतो! हे जमतं कसं, ते पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

युनिक्सच्या पहिल्या शेलला मागचं काहीच आठवत नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉयने सी शेल लिहिला आणि इतिहास हाताशी आला. उद्गारचिन्हापुढे ‘मेक’ लिहिलं की ‘मेक’ने सुरू होणारी अलीकडची कमांड चालत असे. मात्र सुरुवात आठवायलाच हवी, आणि सापडलेली कमांड विचारपूस न करता थेट चालायची. फायली पुसणारी कमांड असेल तर छातीत धस्स व्हावं.

१९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश आला. त्यातली कंट्रोल-आरची युक्ती इमॅक्स या एडिटरच्या वळणाची. एक अक्षर दाबा, ते असलेली सगळ्यात ताजी कमांड समोर येते. दुसरं दाबा, निवड बदलते. तुकडा कमांडच्या मधला असला तरी चालतो, आणि एंटर दाबेपर्यंत काहीच चालत नाही. शोधता शोधता फार मागे गेलात तर पुढे येण्यासाठी कंट्रोल-एस आहे. पण ते दाबताच अनेक टर्मिनलांत सगळं गोठतं! टेलिटाइप यंत्रांच्या जमान्यात ती खूण म्हणजे ‘थांब’, आणि टर्मिनल अजून ती पाळतं. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतं.

बॅश मुळात ५०० कमांडी लक्षात ठेवतो. २००५ मध्ये आलेला फिश शेल अडीच लाखांहून जास्त ठेवतो. एवढ्या ढिगात एकेक कमांड बघत मागे जाणं कसं परवडणार? म्हणून जानेवारी २०२३ च्या ३.६ आवृत्तीत कंट्रोल-आर दाबलं की जुळणाऱ्या कमांडींची यादीच उघडू लागली. वर्षभराने आलेली ३.७ मला सगळ्यात विलक्षण वाटते. सलग तुकडा कुठेच जुळला नाही, तर ती सुटी अक्षरं त्याच क्रमाने कुठे येतात ते पाहते. ‘गिटरिली’ टाइप केलं तरी ‘गिट चेकआउट रिलीज-२’ हाती लागते. मधलं ‘चेकआउट’ आठवायची गरजच उरत नाही. सी शेलला नेमकी सुरुवात लागायची, बॅशला सलग तुकडा. इथे क्रम पुरतो. दर टप्प्याला माणसाच्या स्मृतीवरचा भार थोडा हलका झाला आहे.

या शेलला गप्प राहणंही येतं. कमांडच्या आधी एक स्पेस सोडली, तर फिश ती इतिहासाच्या फायलीत नोंदवत नाही. टाइप करताना चूक झाली असेल तर पुढची कमांड देईपर्यंत मात्र वरचा बाण दाबून ती परत आणता येते.