विश्लेषण : पाणसुरुंग हटवणाऱ्या ब्रिटिश नौकांवरील खलाशांचे आरोग्य का ढासळले? युद्धानंतरही धोका का संपला नाही?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची बंदरे सुरू राहिली, ती समुद्रातील वाट रोज झाडून काढणाऱ्या छोट्या नौकांमुळे. या ‘माइनस्वीपर’ नौकांवरील खलाशांना सुरुंगाच्या स्फोटाचा धोका होताच. त्याशिवाय ओल, थंडी, अपुरी झोप, क्षयरोग आणि ॲस्बेस्टॉस यांनीही त्यांना गाठले. यातील काही आजार तर युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनी उघड झाले.

माइनस्वीपर म्हणजे कोणती नौका?

जहाजांच्या मार्गात शत्रूने पेरलेले सुरुंग शोधून ते निकामी करणारी नौका म्हणजे माइनस्वीपर. ब्रिटिश नौदलाकडे त्या प्रामुख्याने दोन प्रकारच्या होत्या. पहिला प्रकार याच कामासाठी बांधलेल्या नौकांचा. १९३०च्या दशकात बांधलेल्या ‘हॅल्सियन’ वर्गातील २१ नौका त्यातल्याच. लांबी सुमारे ७५ मीटर आणि मूळ आराखड्यात ८० जणांची सोय. युद्धात विमानविरोधी तोफा, रडार आणि ते चालवणारी माणसे वाढली. जागा मात्र तेवढीच राहिली. या २१ पैकी नऊ नौका युद्धात बुडाल्या.

दुसरा प्रकार होता मासेमारीच्या ट्रॉलरचा. सरकारने ते ताब्यात घेतले, त्यावर तोफ बसवली आणि अनेकदा त्यांच्यावरचे मच्छीमारच नौसैनिक झाले. त्यांच्या दलाचे नाव ‘रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस’ आणि मुख्य तळ इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथे. रंगभूमीवरील एका विनोदी नटाच्या नावावरून नौदलातले लोक या दलाला थट्टेने ‘हॅरी टेटचे नौदल’ म्हणत. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर या दलातील सुमारे २,४०० जणांची नावे आहेत. समुद्राखेरीज दुसरी कबर न लाभलेली ही माणसे आहेत.

सुरुंग हटवण्याची पद्धत काय होती?

जुन्या प्रकारचा सुरुंग तळाशी नांगरलेला असे आणि साखळीने पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगत राही. तो काढण्यासाठी नौकेच्या मागे बाजूला पसरणारी लांब पोलादी दोरी ओढली जाई. दोरी बाहेरच्या बाजूला ताणून धरण्यासाठी जी चौकट वापरत, तिचे तत्त्व ट्रॉलरच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या फळ्यांचेच. कोकण किनाऱ्यावरील ट्रॉलरवर आजही अशा फळ्या दिसतात. दोरीवरील कात्रीने साखळी तुटली की सुरुंग वर येई आणि मग तो बंदुकीच्या गोळ्यांनी फोडला किंवा बुडवला जाई.

नौका तिरक्या रांगेत चालत. मागची प्रत्येक नौका पुढचीने साफ केलेल्या पट्ट्यात असे. सर्वांत पुढच्या नौकेसमोर मात्र न तपासलेले पाणी असे. दोरी बाहेर असताना वेग कमी ठेवावा लागे आणि दिशा बदलता येत नसे. वरून विमान आले तरी रांग सहजासहजी मोडता येत नसे.

१९३९च्या अखेरीस जर्मनीने चुंबकीय सुरुंग टाकायला सुरुवात केली आणि ही पद्धत अपुरी पडली. हा सुरुंग तळाशी पडून राही. वरून जाणाऱ्या पोलादी जहाजामुळे चुंबकीय क्षेत्रात झालेला बदल ओळखून तो फुटे. नोव्हेंबर १९३९मध्ये थेम्स नदीच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग सापडला. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाताने उघडला आणि त्याचे रहस्य कळले. त्यानंतर जोडीने चालणाऱ्या नौका मागे तरंगत्या विजेच्या तारा ओढू लागल्या. ठरावीक अंतराने काही सेकंद मोठा विद्युतप्रवाह समुद्रात सोडून सुरुंगाला फसवले जाई.

१९४०मध्ये जहाजाच्या आवाजाने फुटणारे सुरुंग आले. त्यांच्यासाठी नौकेवर रस्ते फोडण्याच्या यंत्रासारखा हातोडा पाण्याखाली बडवत नेला जाई. १९४४मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पाण्याच्या दाबातील बदलाने फुटणारे सुरुंग आले. त्यांच्यावर तेव्हा खात्रीचा उपायच नव्हता. जहाजांनी अतिशय हळू जायचे, एवढाच मार्ग उरला. शिवाय काही सुरुंगांत मोजणी यंत्र असे. पहिली काही जहाजे सुखरूप जात आणि त्यानंतरच्या जहाजाखाली स्फोट होई. त्यामुळे काल साफ केलेली वाट आज पुन्हा, आणि उद्या पुन्हा साफ करावी लागे.

स्फोटाचा शरीरावर नेमका काय परिणाम होई?

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असते आणि सहज दाबले जात नाही. त्यामुळे पाण्याखालच्या स्फोटाचा धक्का फारसा न विरता जहाजाच्या तळावर येऊन आदळतो. क्षणार्धात डेक वर उसळतो, पण त्यावर उभ्या माणसाचे शरीर जागेवरच असते. सगळा मार टाचांना बसतो. टाचेचे हाड, घोटा, नडगी आणि कधी मणका मोडतो. बाहेर जखम दिसत नसतानाही माणूस चालू शकत नाही. गुडघे किंचित वाकवून उभे राहिल्यास हा धक्का काहीसा कमी बसतो.

दुसरी इजा पाण्यात पडलेल्यांची. जवळपास आणखी स्फोट झाला तर पाण्यातील दाबाची लाट फुप्फुसे आणि आतडी फाडते. अशी माणसे वर ओढून घेतली तेव्हा अंगावर ओरखडाही नसे. काही तासांनी पोटात दुखू लागे आणि आतील रक्तस्रावाने मृत्यू येई. सुरुंग साफ करताना खालच्या खोल्यांत शक्यतो कुणी थांबायचे नाही आणि जीवरक्षक पट्टा अंगावर ठेवायचा, हे नियम त्यामुळेच होते. इंजिन आणि बॉयलर सांभाळणाऱ्यांना मात्र तळाशी राहण्यावाचून पर्याय नव्हता.

रोजच्या जगण्यात आरोग्याला धोका कशाचा?

खलाशांचे जेवण, झोप आणि विश्रांती एकाच जागी, म्हणजे ‘मेसडेक’वर होई. टेबलांच्या वर झोळ्या बांधून माणसे शेजारी शेजारी झोपत. वादळात पाणी आत येई, श्वासाची वाफ थंड पोलादी भिंतींवर जमून खाली ठिबके आणि ओले कपडे वाळवायला जागा नसे. शत्रूला उजेड दिसू नये म्हणून रात्री झडपा बंद ठेवाव्या लागत. त्यामुळे हवा कोंडे.

क्षयरोगाला हे वातावरण पोषकच होते. एका खलाशाच्या खोकल्याने शेजारचे किती बाधित झाले, हे कळायलाही वेळ लागे. म्हणून ब्रिटिश नौदलाने युद्धकाळातच छोट्या फिल्मवर छातीचे सामूहिक एक्स-रे काढण्यास सुरुवात केली. लक्षणे दिसण्याआधी रुग्ण शोधण्याचा हा महत्त्वाचा प्रयोग होता. मात्र रुग्ण सापडला तरी गुणकारी औषध नव्हते. क्षयरोगावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३मध्ये सापडले आणि ते सर्रास मिळू लागायला आणखी काही वर्षे गेली. तोवर उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि सॅनेटोरियम.

झोपेचे गणितही जुळत नसे. छोट्या नौकांवर अनेकदा चार तास पहारा आणि चार तास सुटी अशी पाळी असे. सुटीच्या चार तासांतच जेवण आणि साफसफाई उरकायची, आणि धोक्याचा इशारा झाला की पुन्हा जागेवर हजर व्हायचे. ताजी भाजी आणि पाव काही दिवसांत संपत. मग डब्यातले मांस आणि बिस्किटे. रात्रीच्या पहाऱ्याला घट्ट कोको, दुपारी सुमारे ७० मिलिलिटर रमचा रोजचा रतीब. ही रमची प्रथा नौदलात ३१ जुलै १९७०पर्यंत टिकली. छोट्या नौकांवरील हाल नौदलालाही मान्य होते. त्यासाठी खलाशांना वेगळा कष्टभत्ता मिळत असे.

बहुतेक छोट्या नौकांवर डॉक्टर नसे. कुठे आजारी खलाशांची देखभाल करणारा प्रशिक्षित परिचर, तर ट्रॉलरवर औषधांची पेटी आणि एखादा अनुभवी माणूस. गंभीर जखमीला डॉक्टरपर्यंत नेण्यासाठी एक तर ताफ्यातील दुसरी नौका गाठायची किंवा बंदर.

आर्क्टिक समुद्रात परिस्थिती अधिक बिकट का झाली?

१९४१पासून सोव्हिएत रशियाला मदत घेऊन जाणाऱ्या ताफ्यांसोबत ‘हॅल्सियन’ वर्गातील नौका गेल्या आणि काही रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर मुक्कामाला राहिल्या. तिथे उडालेले पाणी तोफांवर, दोऱ्यांवर, डेकवर गोठत असे. वरचे वजन वाढून छोटी नौका उलटण्याचा धोका असल्याने खलाशी कुऱ्हाडीने बर्फ फोडत. उघडा हात धातूला लागला तर कातडी चिकटून निघे. पाण्यात पडलेल्याकडे काही मिनिटेच असत.

२ मे १९४२ रोजी ‘एडिनबरा’ ही क्रूझर बुडाली तेव्हा ‘गॉसमर’ आणि ‘हॅरियर’ या दोन माइनस्वीपरनी तिच्यावरील सुमारे ८०० जणांना उतरवून घेतले. शंभरएक माणसांसाठी असलेल्या प्रत्येक नौकेवर त्या रात्री काही शे माणसे होती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ‘गॉसमर’ स्वतःच विमानहल्ल्यात बुडाली. ५ जुलै १९४२ रोजी दाट धुक्यात हिमनगाला भूशिर समजण्याची चूक झाली आणि ‘नायजर’ ही माइनस्वीपर आइसलँडजवळ ब्रिटिशांनीच पेरलेल्या सुरुंगांवर गेली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला ‘ब्रँबल’ बुडाली. तिच्यावरील एकही जण वाचला नाही.

जखमींची सोय हा राजकारणाचाही विषय झाला. ऑगस्ट १९४२मध्ये ब्रिटनने पाठवलेल्या वैद्यकीय पथकाला सोव्हिएत प्रशासनाने आधी काम करू दिले नाही. रशियाच्या उत्तर किनाऱ्यावरील वाएंगा येथे ब्रिटिश नौदलाचे रुग्णालय उभे राहायला त्यानंतर वेळ गेला.

२७ ऑगस्ट १९४४ रोजी काय घडले?

नॉर्मंडीत सैन्य उतरण्यापूर्वी ५ आणि ६ जून १९४४ रोजी माइनस्वीपरनी किनाऱ्यापर्यंत दहा मार्ग साफ केले होते. त्यानंतरही काम सुरूच होते. २७ ऑगस्टला पहिला माइनस्वीपिंग ताफा फ्रान्समधील ल हाव्र बंदराच्या उत्तरेला सुरुंग काढत होता. कामाच्या आदेशातील बदल संबंधित मुख्यालयापर्यंत पोहोचला नाही. शत्रूची जहाजे समजून ब्रिटिश हवाई दलाच्याच ‘टायफून’ विमानांनी रॉकेटचा मारा केला. ‘ब्रिटोमार्ट’ आणि ‘हसार’ बुडाल्या, तर ‘सॅलमँडर’ दुरुस्तीपलीकडे गेली. ११७ जण मृत्युमुखी पडले आणि १५३ जखमी झाले.

चौकशी झाली, लष्करी न्यायालयही बसले. वाचलेल्यांना मात्र याबाबत बोलू नका, असे बजावण्यात आले आणि कागदपत्रे दीर्घकाळ बंद राहिली. अनेक कुटुंबांना आपला माणूस कसा गेला, हे कित्येक दशके कळले नाही. आपल्याच विमानांनी मारल्याची आठवण मनात दाबून जगणाऱ्यांसाठी तेव्हा समुपदेशनासारखी व्यवस्थाही नव्हती.

युद्ध संपल्यावर धोका का संपला नाही?

पहिले कारण उघड आहे. शस्त्रसंधी झाल्याने सुरुंग निकामी होत नाहीत. युरोप आणि आशियातील समुद्र साफ करण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. या सेवेसाठी दिलेल्या ब्रिटिश पदकाच्या पट्टीवर ‘माइनस्वीपिंग १९४५-५१’ असे लिहिलेले असे.

दुसरे कारण बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरील आवरणात होते. आग आणि उष्णतेपासून बचाव म्हणून त्या काळच्या युद्धनौकांत ॲस्बेस्टॉसचा मुबलक वापर होई. स्फोटाच्या हादऱ्याने किंवा दुरुस्तीत त्याचे तंतू हवेत मिसळत. त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. १९६०च्या दशकात डेव्हनपोर्ट येथील नौदल गोदीतील कामगारांच्या अभ्यासातून ही समस्या ठळकपणे पुढे आली.

काही धडे मात्र लवकर घेतले गेले. १९४६मध्ये टॅल्बट समितीने दाखवून दिले की नौदलातील असंख्य माणसे जहाजाबरोबर नव्हे, तर जहाज सुखरूप सोडल्यानंतर थंडीने आणि बुडून मेली. शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवणारे जॅकेट आणि छत असलेले फुगवता येणारे तराफे त्यानंतर आले. आज मच्छीमार नौकांपासून प्रवासी जहाजांपर्यंत वापरली जाणारी अनेक साधने याच विचाराची आहेत.

मुंबईचा याच्याशी काय संबंध?

पहिल्या महायुद्धात ‘वुल्फ’ या जर्मन नौकेने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले होते. त्यातल्या एकावर २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या माइनस्वीपरमध्ये ‘कोकण’ नावाचीही नौका होती. ‘बंगाल’ या माइनस्वीपरने तर ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात एका डच टँकरच्या साथीने दोन मोठ्या जपानी जहाजांशी लढत दिली. त्यातले एक बुडाले. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला, त्यामागच्या तक्रारींत निकृष्ट जेवण ही एक प्रमुख तक्रार होती.

आता माणूस सुरुंगांपासून दूर गेला आहे का?

दिशा तीच आहे. ब्रिटनसह अनेक देश मूळ नौका सुरुंगक्षेत्राबाहेर ठेवून सोनार बसवलेल्या मानवरहित बोटी आणि पाण्याखालची याने आत पाठवू लागले आहेत. भारतीय नौदलाची ‘कोळीकोड’ ही जुनी माइनस्वीपर एप्रिल २०१९मध्ये निवृत्त झाली. गोव्याच्या गोदीत परदेशी सहकार्याने अशा १२ नौका बांधण्याची योजना त्याआधीच बारगळली होती. नव्या नौकांचा विचार होईल तेव्हा तोफा आणि सोनारइतकेच झोपेच्या जागा, हवा आणि जखमींच्या सोयीकडेही लक्ष द्यावे लागेल. ‘हॅल्सियन’ वर्गाच्या नौकांवर माणसे आणि यंत्रे वाढत गेली, पण त्यांच्यासाठी जागा वाढली नाही. त्याचा हिशेब खलाशांच्या फुप्फुसांनी चुकता केला.