छायाचित्राचे संपादन : हाताचे आणि विवेकाचे शिक्षण

१८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन स्थापन झाले. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे येथेच घेतले. त्या काळी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरील डाग झाकीत. आज ते काम संगणकावर होते. म्हणूनच ते सहावी-सातवीच्या मुलांना डोळसपणे शिकविले पाहिजे.

डिजिटल चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. सर्वसाधारण चित्रात प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा व निळा अंश ० ते २५५ या अंकांत नोंदलेला असतो. उजळपणा वाढविणे म्हणजे हे अंक वाढविणे. परंतु जो भाग २५५ ला टेकून पांढरा पडला, त्यातील बारकावे चित्र जतन केल्यावर परत मिळत नाहीत. तसेच ४००० बाय ३००० ठिपक्यांचे चित्र लांबी-रुंदी निम्मी करून कातरले, तर १ कोटी २० लाखांपैकी ३० लाखच ठिपके उरतात. म्हणून पहिला नियम असा, की मूळ प्रत जपावी आणि काम नकलेवर करावे.

दुसरा नियम सत्याचा. मांडवीच्या छायाचित्रातील कललेली कमान सरळ करणे म्हणजे शुद्धलेखन सुधारणे; समोरच्या तारा पुसणे म्हणजे मजकूरच बदलणे. असा बदल केल्यास चित्राखाली तशी नोंद हवी. सोबत्याच्या चेहऱ्याला तर त्याच्या संमतीवाचून हातही लावू नये. त्याची थट्टा होते आणि ती पुसता येत नाही.

चित्र कसे बदलते हे ज्याने स्वतः करून पाहिले, तो विद्यार्थी समोर येणाऱ्या प्रत्येक चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. या शिक्षणाचे खरे फलित तेच होय.