सार्वजनिक पक्षीगृह : स्वरूप, प्रयोजन आणि नागरिकांचे कर्तव्य

पक्षी पाळण्याची हौस आपल्या समाजात जुनी आहे. ओसरीवर टांगलेला राघूचा पिंजरा घराची शोभा मानला जाई. संस्थानिकही आपल्या बागांतून नाना देशींचे पक्षी बाळगीत. पुढे ही हौस लोकांसाठी खुली झाली. बडोदे येथे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग उभी राहिली व तेथील प्राणिसंग्रहालय सर्वसामान्यांना पाहावयास मिळू लागले. तथापि सार्वजनिक पक्षीगृह आणि घरातील पिंजरा या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे प्रत्येकाने ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

पक्षीगृहाची पहिली कसोटी म्हणजे पक्ष्याला उडता येणे. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेले पक्षीगृह २२८ फूट लांब, ८४ फूट रुंद व ५० फूट उंच होते. पुढे त्या नगरीने ते विकत घेतले आणि तेथील प्राणिसंग्रहालयाचा पाया घातला गेला. चांगल्या पक्षीगृहात कमी-अधिक जाडीच्या फांद्या असतात, कारण एकाच जाडीच्या दांडीवर सतत बसल्याने पक्ष्यांचे पाय दुखावतात. पोपटांसाठी ढोलीसारख्या पेट्या, मोरांसाठी धूळस्नानास मोकळी माती आणि पाणपक्ष्यांसाठी तळे असावे लागते. पक्षी निसटू नयेत म्हणून प्रवेशास दुहेरी दारे ठेवतात. नवा पक्षी इतरांत मिसळण्यापूर्वी काही दिवस वेगळा ठेवतात. अन्यथा एकाचा रोग सर्वांस जडण्याचे भय असते.

पक्षीगृहाचे दुसरे प्रयोजन संवर्धन होय. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे, मृत जनावरे खाणारी गिधाडे मोठ्या संख्येने दगावली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे मोठ्या पक्षीगृहांत गिधाडांची पैदास केली जाते. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालीत असल्याने हे काम अतिशय संथ आहे. तेथील काही गिधाडे २०२४ साली महाराष्ट्रातील ताडोबा व पेंच येथे आणण्यात आली.

आता कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेविना कोणतेही प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. तेथील पक्ष्यांना डिवचणे, खाद्य घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे यांसही मनाई आहे. बजरीगर, लव्हबर्ड यांसारखे पक्षी मूळचे परदेशी आहेत. काही विदेशी जाती पाळावयाच्या तर नोंदणी आवश्यक असते. परंतु आपल्या रानातील हिरवा पोपट, मैना वा मुनिया घरी कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हा निर्बंध अकारण नाही. बाजारात आलेल्या एका पोपटामागे ढोलीतून काढताना वा वाटेत दगावलेली पिले असतात, आणि ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

घरी असा पोपट असल्यास तो एकाएकी सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अन्न शोधणे वा शत्रूपासून बचाव करणे साधत नाही. तो लवकरच कावळ्यांच्या किंवा मांजरांच्या तावडीत सापडतो. याकरिता नजीकच्या वन कार्यालयाशी संपर्क साधावा. जखमी पक्षी आढळल्यासही हाच मार्ग धरावा. तोवर त्यास भोके पाडलेल्या खोक्यात, शांत व सावलीच्या जागी ठेवावे आणि बळेच पाणी पाजू नये.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पक्षीगृह अवश्य दाखवावे. मात्र परतल्यावर शाळेच्या आवारातील झाडांवरील पक्ष्यांची नोंद त्यांजकडून करून घ्यावी. पक्षीगृहात पक्ष्याची ओळख होते. त्याचे घर मात्र गावातल्या जुन्या झाडाच्या ढोलीतच असते आणि ते झाड राखणे गावकऱ्यांच्याच हाती आहे.