बहात्तर तास आणि विसरलेली तांबी

उंब्रजहून एक निनावी पत्र आलं आहे. लग्नाला वर्ष झालंय, इतक्यात मूल नकोय. एका रात्री निरोध वापरायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कराडच्या मेडिकलमधून संबंधानंतर घ्यायची गर्भनिरोधक गोळी आणली. (उंब्रजमध्ये मेडिकल नाहीत असं नव्हे, तिथले दुकानदार ओळखीचे असतात!) आता पाळी पाच दिवस पुढे गेली आहे. दिवस राहिले असतील का? की गोळीने गर्भ पडला असेल? पुढे मूल व्हायला अडचण येईल का?

ताई, शेवटच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. पहिल्याचं उत्तर लघवीची तपासणीच देईल. या गोळीने पाळी काही दिवस मागेपुढे होतेच, त्यामुळे पाच दिवसांवरून काही ठरत नाही. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर तपासणी करा. संबंधानंतर २१ दिवसांनी केलेली तपासणी भरवशाची. आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं किट असतं. पोटात एका बाजूला जोरात दुखत असेल तर मात्र किटची वाट न पाहता दवाखाना गाठा.

पत्रातलं आणखी एक वाक्य असं आहे: 'बहात्तर तासांच्या आत घेतली होती, मग घाबरायचं कारण काय?' जाहिरातींनी हा आकडा लोकांच्या डोक्यात पक्का बसवला आहे. पण तो शरीराने ठरवलेला नाही, तो चाचण्यांमधून आला. कॅनडाचे डॉ. अल्बर्ट युझ्पे यांनी १९७०च्या दशकात दोन संप्रेरकं एकत्र देण्याची पद्धत काढली, तेव्हापासून ही मर्यादा चालत आली. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेने लिवोनॉर्जेस्ट्रेलची, म्हणजे आपल्या याच गोळीतल्या औषधाची, मोठी चाचणी प्रसिद्ध केली, तीही बहात्तर तासांचीच. पहिल्या २४ तासांत गोळी घेतली तर अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी ५८ टक्के. नंतरच्या संशोधकांना हे आकडेसुद्धा जरा आशावादीच वाटले. पाकिटावर मात्र ७२ ठळक छापलेलं असतं आणि ५८ कुठेच दिसत नाही.

असं का होतं? स्त्रीबीज म्हणजे कराड डेपोतून सुटणारी एसटी समजा. शुक्राणू हे उंब्रजच्या स्टँडवरचे प्रवासी. ते चिवट असतात, पाच दिवसांपर्यंत वाट बघतात. गाडी मात्र एकदा सुटली की बारा ते चोवीस तासांत तिची फेरी संपते. आपली गोळी स्टँडवर फिरकतही नाही. ती डेपोत निरोप धाडते, 'गाडी काही दिवस सोडू नका.' म्हणजे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून बीज सोडण्याचा जो हुकूम निघायचा असतो, तो ती अडवते. तोवर प्रवासी कंटाळून पांगतात. पण गाडी आधीच डेपोबाहेर पडली असेल, तर निरोप पोचून उपयोग काय? आणखी एक गोष्ट. गाडी रद्द झालेली नसते, फक्त लांबलेली असते. गोळी घेऊन चार दिवसांनी पुन्हा बेसावध राहिलात, तर नवे प्रवासी आणि उशिरा सुटलेली गाडी यांची नेमकी गाठ पडते!

चिलीच्या सान्तियागो शहरात ओरासिओ क्रोक्सातो यांच्या गटाने हे तपासून पाहिलं. गोळी घ्यायला आलेल्या बायकांचं बीज कधी सुटलं हे त्यांनी रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने ठरवलं. गर्भ राहण्याच्या दिवसांत, पण बीज सुटण्याआधी गोळी घेतलेल्या ८७ जणींपैकी एकीलाही दिवस गेले नाहीत. बीज सुटलं त्या दिवशी किंवा नंतर घेतलेल्या ३५ जणींपैकी सहा जणींना गेले. गोळी न घेताही साधारण तेवढ्यांनाच गेले असते. म्हणजे रुजलेल्या गर्भाला ही गोळी हात लावत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टोल. २०१७ साली मिरज तालुक्यातलं म्हैसाळचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण उघडकीला आल्यापासून आपल्याकडे 'गर्भाची गोळी' म्हटलं की सगळेच दचकतात. ते समजण्यासारखं आहे, पण त्या प्रकरणाशी या गोळीचा काडीचा संबंध नाही.

आता गोळीखेरीजच्या दुसऱ्या उपायाकडे आणि तो शोधणाऱ्या माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. तोही सान्तियागोचाच. हायमे झिपर. सशिणीच्या गर्भाशयाला दोन स्वतंत्र शिंगं असतात. झिपर यांनी एका शिंगात तांब्याची तार ठेवली आणि दुसरं तसंच सोडलं. तारेच्या बाजूला गर्भ जवळजवळ रुजलेच नाहीत, दुसऱ्या बाजूला नेहमीसारखे रुजले. एकाच जिवात प्रयोगही आणि तुलनाही! अमेरिकेत हॉवर्ड टॅटम यांच्याकडे गर्भाशयात बसवायचं टी आकाराचं प्लास्टिक होतं, पण नुसतं ते बसवलेल्या शंभरातल्या अठरा जणींना वर्षभरात दिवस जात. त्यावर २०० चौरस मिलिमीटर तांबं गुंडाळलं आणि हा आकडा एकावर आला. आपल्या बायका जिला तांबी म्हणतात, ती ही.

तांबीच्या आधी, १९६५ मध्ये भारत सरकारने डॉ. जॅक लिप्स यांचा प्लास्टिकचा लूप गावोगाव बसवायची मोहीम काढली. बसवणाऱ्यांनी पुढे विचारपूस केली नाही, बायकांच्या अंगावरून जाऊ लागलं आणि लूप बदनाम झाला. त्याच लिप्स यांनी १९७६ मध्ये टॅटम यांच्यासह दाखवून दिलं, की संबंधानंतर काही दिवसांत तांबी बसवली तरी गर्भ राहत नाही. पुढच्या ३५ वर्षांतले अभ्यास एकत्र केले, तेव्हा अपयशाचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास निघालं. मुदत पाच दिवसांची. तांबं शुक्राणूंना निकामी करतं आणि बीज फळलं असलं तरी रुजू देत नाही, त्यामुळे गाडी सुटली की नाही याची चिंताच उरत नाही.

तरी आणीबाणीचा उपाय म्हणून तांबीचं नाव कोणी घेत नाही, कारण तिची जाहिरात करून कुणाचा धंदा वाढत नाही. शिवाय ती बसवायला शिकलेला हात लागतो, आधी तपासणी लागते, जंतुसंसर्ग असेल तर थांबावं लागतं. आरोग्य केंद्रात जाऊन 'काल असं झालं' हे सांगायला धीर लागतो, तो वेगळाच. मूल न झालेल्या बाईला ती चालत नाही, हा मात्र गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष तिला परवानगी देतात.

गोळी वाईट नव्हे. २००५ पासून ती चिठ्ठीशिवाय मिळते. जवळ आहे, स्वस्त आहे, आणि लगेच घेतली तर उपयोगी आहे. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तिचा जोर कमी पडतो. अशा वेळी तांबीच बरी.

उंब्रज ज्या जिल्ह्यात येतं, त्या साताऱ्याच्या जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी 'हनिमून पॅकेज' काढलं होतं. पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. देशभर त्याची चर्चा झाली. आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे तक्ते असतात. त्यांवर 'संबंधानंतर पाच दिवसांत तांबी' एवढी एक ओळ रंगवायला जिल्हा परिषदेला कुठलं पॅकेज लागणार नाही.